‘लेफ्ट’ म्हणजे डावा की शिल्लक?



“फ्रेंचबद्दल काहीतरी बोल,” असं संयोजकांनी मला सांगितलं. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की जिला घाम फुटायचा, तिनं आणखी एका परक्या भाषेवर भाषण करावं! बाई, तुम्ही हसताय ते मला इथून दिसतंय.

आधी माझं काम सांगते. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हॉस्पिटलमधल्या यंत्रांच्या स्क्रीनवर जे शब्द दिसतात, ते आमच्याकडे आधी इंग्रजीत लिहिले जातात आणि मग फ्रान्ससाठी त्यांचं फ्रेंच होतं. भाषांतर करणारे तिकडचे. त्यांच्याकडे जाणारी शब्दांची यादी करणं आणि परत आलेले शब्द जागच्या जागी बसवणं, हे माझं काम. त्यासाठी तिशी उलटल्यावर फ्रेंच शिकले.

डॉक्टरांना इंग्रजी येत असताना एवढा खटाटोप कशाला, असं मला नेहमी विचारतात. फ्रान्सच्या पूर्वेला एपिनाल नावाचं गाव आहे. तिथे 2004-05 मध्ये कॅन्सरच्या वीसहून अधिक रुग्णांना रेडिएशनचा जास्त डोस गेला. काही जण दगावले. कारणं अनेक होती, पण चौकशीत एक गोष्ट पुढे आली: सॉफ्टवेअरची स्क्रीन इंग्रजीत होती आणि वापरणाऱ्यांच्या हातात फ्रेंच माहितीपुस्तिका नव्हती. माल आणि सेवांची माहिती फ्रेंचमध्ये हवी, असा कायदा तिथे 1994 पासून आहे. आम्ही इथे त्याला भाषेचा अभिमान म्हणतो. एपिनालबद्दल वाचल्यापासून मी तसं म्हणणं सोडलं.

आता माझी चूक. आमच्या एका यंत्रावर औषधाचे किती डोस उरले ते ‘लेफ्ट: 2’ असं दिसायचं. दुसऱ्या स्क्रीनवर सलाईन कोणत्या हाताला लावलंय ते निवडायचं, ‘लेफ्ट’ की ‘राइट’. मी हुशारी केली. एकच शब्द दोनदा कशाला लिहायचा? यादीत ‘लेफ्ट’ एकदाच ठेवला आणि दोन्हीकडे तोच जोडला. भाषांतरकाराला खाली ‘राइट’ दिसला. त्यानं बरोबरच ‘गोश’ लिहिलं. गोश म्हणजे डावा. चाचणीच्या वेळी ल्योंच्या एका नर्सनं स्क्रीन पाहिली आणि विचारलं, “दोन डावे म्हणजे काय?” सगळे हसले. मी पण हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. चाचणी होती म्हणून निभावलं.

त्या रात्री लक्षात आलं की हा शब्द मी मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिला असता, तर डावा आणि शिल्लक एका खणात ठेवायची बुद्धी मला झालीच नसती. मराठी माध्यमातून आले, याची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मला इतकी लाज वाटायची की मी होस्टेलवर घरून आलेली पत्रं लपवून वाचायचे. त्या चुकीनंतर सवय लावून घेतली. इंग्रजी शब्द आला की आधी त्याचं मराठी करायचं, मगच तो यादीत टाकायचा.

आणि ती उपयोगी पडते. ‘पेशंट अ‍ॅडमिटेड’ हे इंग्रजीला चालतं. मराठी लगेच विचारते, दाखल झाला की झाली? फ्रेंचही तेच विचारते, ‘अद्मी’ की ‘अद्मीझ’? ‘यू’ दिसलं की तू की तुम्ही? तिकडेही ‘त्यु’ आणि ‘व्हू’ आहेतच. सगळीकडे जमतं असं नाही. शून्य फ्रेंचमध्ये एकवचनी आहे. आपल्याकडे मात्र ‘शून्य गुण मिळाले’, अनेकवचनात. गणिताच्या सरांना हे माझ्याइतकं कुणी ऐकवलं नसेल.

यंत्रांबाहेरही एकदा फजिती झाली. ल्योंला एका सहकाऱ्याच्या आईनं जेवायला बोलावलं होतं. ती आग्रह करकरून वाढत होती, अगदी आपल्यासारखी. मी इंग्रजी ‘आय अ‍ॅम फुल’ डोक्यात धरून म्हटलं, “झ स्वी प्लेन.” टेबलावर शांतता. हे तिथे गाईम्हशींसाठी म्हणतात. म्हणजे मी सगळ्यांना सांगितलं होतं, की मी गाभण आहे! आपण तरी कुठे ‘मी भरले’ म्हणतो? ‘पोटभर जेवले’ म्हणतो. तिकडेही असंच काहीसं, छान जेवले, एवढं म्हटलं की पुरतं. ती माउली अजून प्रत्येक दिवाळीला मला विचारते, वासरू कसं आहे.

एक गोष्ट मात्र मला फ्रेंचमध्ये नेता येत नाही. वर्गात गोंधळ चालू असायचा, दाराजवळचा कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचा, “बाई आल्या!” त्या ‘आल्या’मधला धाक आणि मान तिकडे जातच नाही. फ्रेंच बाई आली, एवढंच होतं.

या कार्यक्रमासाठी रजा मागताना मी तिकडच्या वरिष्ठांना लिहिलं, शाळेची ‘रेयुनियाँ’ आहे. त्यांचं उत्तर आलं, मग रजा कशाला, व्हिडिओवर कर की! रेयुनियाँ म्हणजे त्यांच्याकडे ऑफिसातली मीटिंग. मग मी योग्य शब्द लिहिला, ‘रत्रुव्हाय’. दुरावलेली माणसं एकमेकांना पुन्हा सापडतात, त्याला तो शब्द आहे. दोन मिनिटांत रजा मंजूर झाली, वर एक दिवस जास्त.

जेवण तयार आहे, असं मागून खुणावतायत. बसूया. आग्रह झाला तर काय म्हणायचं नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे.