शिंदीची काकवी

कॅनडात मेपलचा रस आटवून पाक करतात. सुमारे 40 भाग रसातून 1 भाग पाक उरतो. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या मुलखात तोच गोडवा शिंदी देते, आणि तोही अधिक उदारपणे: 8 ते 10 भागांतून 1 भाग गूळ.

हिवाळ्यात शेंड्याखाली कोवळ्या भागी छेद देऊन सायंकाळी मडके बांधतात. त्यास आतून चुना फासला नाही, तर नीरा आंबून मादक होते. 1949 च्या दारूबंदी कायद्याने ही सीमा अधिकच महत्त्वाची ठरली. सूर्योदयापूर्वी उतरविलेली नीरा गाळून लगेच उथळ कढईत आटवावी. दाट होताच उतरविली तर काकवी, आणखी आटविली तर गूळ.

मात्र छेदांमध्ये झाडास विसावा हवाच. लोभाने रोज तासलेली शिंदी वठते, आणि मग चूलही थंडावते.