इन्सुलिनचं जनुक, उंदराकडून जिवाणूकडे



इन्सुलिन हे नाव आपल्या ओळखीचं.
स्वादुपिंडात तयार होणारं हे संप्रेरक.
रक्तातली साखर तेच आटोक्यात ठेवतं.

आता एक नवल ऐका.
इन्सुलिनचं जनुक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं.
पण ते भरभरून काम करतं, फक्त स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत.

हे जनुक प्रथम हाती आलं, ते उंदराचं.
साल १९७७.
ठिकाण, अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को.
विल्यम रटर आणि हॉवर्ड गुडमन यांच्या चमूने उंदराच्या पेशींतला संदेशवाहक आरएनए घेतला.
त्यावरून डीएनए घडवला.
तो जिवाणूंत घातला.
जिवाणू वाढले, तशा जनुकाच्या प्रतीही वाढल्या.
किती धीराचं काम हे!

माणसात इन्सुलिनचं जनुक एक.
उंदरात मात्र दोन.

मग इन्सुलिनच्या जनुकाला कामाला लावतं कोण?
एक तर साखर.
जेवणानंतर ती रक्तात वाढते, आणि जनुकाचं काम जोर धरतं.
शिवाय बीटा पेशींत काही खास प्रथिनं असतात.
ती जनुकाच्या आधीच्या डीएनएला चिकटतात, आणि त्याला चालना देतात.

म्हणजे पुन्हा तेच, श्रोतेहो.
जनुक सगळीकडे.
चालना मात्र बीटा पेशींत.

ही प्रथिनं ओळखता आली, कारण उंदराचं जनुक हाताशी होतं.