जावातील खेडे : जमीन, वाटा आणि वाट
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जावा हे नाव आपल्या ऊस बागायतदारांना नवे नाही. त्या बेटावरील पासुरुआन येथील संशोधन केंद्रात तयार झालेला पीओजे २८७८ हा ऊस एकेकाळी आपल्या कालव्यांखाली लागत होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे लावलेला को ४१९ हा त्याचाच वंशज. ऊस आपल्या ओळखीचा. पण ज्यांच्या भातखाचरांत डच राजवटीने तो लावून घेतला, त्या माणसांविषयी आपण फारसे बोलत नाही. आज त्यांच्याविषयी बोलायचे कारण असे की, आपल्याकडेही वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत. तुकडा अगदीच लहान झाला तर कुटुंब कशाच्या आधारावर उभे राहते, हे जावाच्या खेड्यात फार लवकर दिसून आले.

गाव आणि जमीन

शेजारच्या मदुरासह जावाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. तेथील लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत १५ कोटींच्या वर गेली. माती ज्वालामुखीची, पाऊस भरपूर. पाण्याची सोय असेल तेथे वर्षात भाताची दोन आणि काही ठिकाणी तीन पिके निघतात. पाण्याखालच्या खाचराला 'सावाह', कोरडवाहू रानाला 'तेगाल' आणि घराभोवतीच्या परसाला 'पकारांगान' म्हणतात. पाण्याची पाळी पाहणारा गावकामगार म्हणजे 'उलु-उलु'. तो आपल्या पाटकऱ्यासारखा.

आपण एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अत्यल्प भूधारक म्हणतो. तेथे अर्ध्या हेक्टरच्या आतला तो 'गुरेम' शेतकरी. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ! १९६० च्या कायद्याने दाट वस्तीच्या भागात भातजमिनीची कमाल धारणा ५ हेक्टर ठरवली आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला किमान २ हेक्टर मिळावेत असे उद्दिष्ट ठेवले. किमान मर्यादा कागदावरच राहिली. सर्वांना २ हेक्टर पुरतील एवढी जमीन त्या बेटावर नव्हतीच.

वारसाची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या म्हणण्याप्रमाणे मुलाला कावडीची दोन ओझी आणि मुलीला पाठीवरचे एक ओझे, म्हणजे दोनास एक असे प्रमाण. प्रत्यक्षात अनेक घरांत मुला-मुलींना सारखाच वाटा देतात. लग्नानंतर दोघांनी मिळवलेल्या मालमत्तेला 'गोनो-गिनी' म्हणतात. तिच्यात बायकोचा हक्क धरला जातो. बाईने माहेरून आणलेली जमीन तिचीच राहते.

गावच्या मुखियाला पगाराऐवजी 'बेंगकोक' नावाची जमीन कसायला देण्याची पद्धत होती आणि पुष्कळ गावांत ती अजून आहे. आपल्याकडील पाटीलकीची वतने १९६० च्या दशकात कायद्याने गेली. फरक असा की बेंगकोक वंशपरंपरेने चालत नाही. पद सुटले की जमीन सुटते.

परस, गोठा आणि घर

खाचर नसलेल्या कुटुंबाकडेही बहुधा थोडे परस असते. कृषिविद्येचा शिक्षक म्हणून मला त्याचे विशेष वाटते. वर नारळ, त्याखाली फणस आणि केळी, त्याखाली पपई व भाजीपाला, जमिनीत कंद, कडेला कोंबड्यांचे खुराडे आणि कोठे माशांचे लहानसे तळे. एकाच गुंठ्यावर ऊन तीन-चार मजल्यांवर अडवले जाते. खाचरातले धान्य वर्षातून दोनदा घरात येते. परसातले काही ना काही रोज येते. रोजच्या मीठमिरचीचा खर्च परसावर भागतो.

जनावरही स्वतःचेच असावे असे नाही. दुसऱ्याची गाय सांभाळायची आणि वासरे वाटून घ्यायची, याला 'गादुहान' म्हणतात. आपल्याकडे अर्धलीने शेळी सांभाळतात तसेच हे. घराचे तर आणखी नवल. जुने लाकडी घर खांब, तुळया, खुंट्या असे जोडलेले असते. ते उतरवून दुसरीकडे उभे करता येते, जमीन न विकता नुसते घर विकता येते. उभारणीला शेजारी येतात आणि उद्या त्यांच्या कामाला आपण जायचे. ही 'सांबातान' म्हणजे आपली सावड किंवा इर्जिक. बायकांची 'आरिसान' तर थेट आपली भिशी.

जमीन कसायला घेण्याचेही अनेक प्रकार आहेत. निम्म्या वाट्याने ती 'मारो'. कुळाला तिसरा हिस्सा मिळतो तो 'मेर्तेलु'. पैशाची नड आली की 'गादाई', म्हणजे ताबेगहाण. पैसे फिटेपर्यंत सावकार पीक घेतो. १९६० च्या कायद्याने सांगितले की सात वर्षे गहाण राहिलेली जमीन मालकाला काहीही न घेता परत द्यावी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने वाटेकरीचा करार लेखी करून भाताच्या जमिनीसाठी किमान तीन वर्षांचा ठेवावा असे म्हटले. कायदे चांगले होते, परंतु बहुतेक व्यवहार तोंडीच होत राहिले. आणि तोंडी व्यवहारात नडलेल्या माणसाची बाजू नेहमी पडती असते.

कापणीचा वाटा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या पद्धतीत भाताची कापणी बायका करीत. हातात विळा नसे. तळहातात मावेल अशा लाकडाला बसवलेले लहान पाते असे, त्याला 'आनी-आनी' म्हणतात. त्याने एकेक लोंबी खुडायची. मजुरी पैशात नव्हती. खुडलेल्या भातातून ठरलेला वाटा मिळे, त्याला 'बावोन' म्हणत. नात्यातल्या आणि शेजारच्या बाईला मोठा वाटा, परकीला लहान. कापणीला आलेल्या बाईला मालक सहसा परत पाठवीत नसे. त्यामुळे जिच्या नावावर वाफाभर जमीन नाही, तिच्याही घरात सुगीचे भात येई. आपल्याकडे खळ्यावर बलुतेदाराचा हक्क असे, त्याची येथे आठवण होईल.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या जाती आल्या. खत व कर्जाची सोय झाली, उत्पादन वाढले आणि १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. हे यश खरे आहे, त्याला कमी लेखू नये. पण त्याबरोबर शेतात आणखी एक बदल झाला. बुटक्या भाताला विळा सोयीचा पडू लागला. कापणीला शेकडो बाया लोटू लागल्या, तेव्हा मालकांनी उभे पीक कापणीच्या काही दिवस आधी व्यापाऱ्याला विकण्याची 'तेबासान' पद्धत धरली. व्यापारी स्वतःची लहान टोळी आणि विळे घेऊन येई, ठरलेली मजुरी देई आणि जाई. गावातल्या बाईला नाही म्हणण्याचा वाईटपणा मालकाकडे आला नाही. वाटा मात्र गेला. त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, गावोगाव लहान भातगिरण्या सुरू झाल्या आणि उखळ-मुसळावर भात सडण्याची मजुरीही बुडाली. अलीकडे कापणी-मळणी यंत्रे आली आहेत, त्यामुळे विळ्याच्या टोळीचेही काम कमी होत आहे.

येथे कोणी कोणाची जमीन घेतली नाही. दप्तरातल्या नोंदीत एक अक्षरही बदलले नाही. तरीही गावातल्या गरिबाची मालमत्ता कमी झाली, कारण त्याची मालमत्ता नोंदीत नव्हतीच. ती दुसऱ्याच्या शेतातल्या वाट्यात होती.

येणे-जाणे

वाटा आटला की माणूस वाटेला लागतो. जावाच्या खेड्यात बाहेर पडणे जुनेच आहे. तेथील पंचांगात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचाही आठवडा चालतो आणि बरेच बाजार त्या हिशोबाने भरतात. बाया पाठीवर ओझे घेऊन आज या बाजाराला, उद्या त्या बाजाराला जातात. १९०५ पासून डच सरकारने जावातील कुटुंबे सुमात्रा बेटावरील लांपुंग भागात वसवण्यास सुरुवात केली आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही ती योजना चालवली. तरीही जावाची गर्दी हटली नाही.

१९७० च्या दशकात रस्ते झाले आणि लहान जपानी मोटारी खेड्यापर्यंत पोहोचल्या. 'कोल्ट' या मोटारीवरून अशा वाहनाचे नावच 'कोल' पडले. लावणी आटोपली की जकार्ता किंवा सुराबायाला जायचे, बांधकामावर राबायचे आणि कापणीला परत यायचे, हा क्रम बसला. वोनोगिरी भागातील माणसे शहरात 'बाक्सो', म्हणजे मांसाच्या गोळ्यांचे सूप, विकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. अनेक बाया घरकामासाठी मलेशिया, हाँगकाँग, तैवान येथे जातात. त्यांच्या पैशातून गावात पक्की घरे उभी राहिली. मात्र जाण्याच्या खर्चासाठी पुष्कळदा खाचर गहाण पडते. ईदच्या सणाला शहरातली सारी गर्दी मोटारसायकली आणि बसगाड्यांतून गावाकडे लोटते. गणपतीला कोकणात उतरणारे चाकरमानी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते चित्र वेगळे सांगायला नको.

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट, कुटुंबाची मालमत्ता मोजताना सातबाऱ्यावर थांबू नका. परस, अर्धलीचे जनावर, सावड, भिशी आणि बाहेर कमावणारा हात हे सारे मोजा. यांतले परस तर आजच सुधारता येईल. दोन गुंठ्यांत शेवगा, पपई, कढीपत्ता, अळू आणि वेलभाज्या उंचीप्रमाणे लावल्यास बाजारहाटीचा खर्च कमी होतो.

दुसरी गोष्ट, बटाई असो की गहाण, मुदत आणि वाटा कागदावर लिहा. जमिनीच्या कागदावर घरधनिणीचे नावही लावून घ्या.

तिसरी गोष्ट आपल्याइतकीच आम्हा विस्तार कार्यकर्त्यांसाठी आहे. नवे वाण किंवा यंत्र आले की एकरी किती क्विंटल वाढले आणि किती मजूर वाचले, हे आम्ही फलकावर लिहितो. वाचलेला मजूर म्हणजे कुणाची तरी बुडालेली मजुरी. यंत्र नको असे मी म्हणत नाही. मजूर मिळत नाही ही आपली अडचण खरी आहे. परंतु ज्या गावात यंत्र येणार, तेथे कापणीवर कोणती घरे जगतात याची यादी आधी करावी. यंत्र चालवण्याचे, रोपवाटिकेचे, प्रतवारीचे काम त्या घरांतल्या बायांना प्रथम द्यावे. बचत गटाने यंत्र घेतले तर त्याचे भाडेही त्याच घरांत जाईल. जावाच्या खेड्यात ही यादी वेळेवर कोणी केली नाही. आपल्या गावात ती करायला एक संध्याकाळ पुरे.