उसाच्या फडातील पहारा



पारितोषिक वितरणाच्या प्रसंगी पाहुण्याने यशाचा मार्ग सांगावा, असा प्रघात आहे. परंतु ज्यांच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही, त्या वनरक्षकांविषयी आज बोलावे, असे मला मनापासून वाटते.

श्रीरामपूर तालुक्यात अरण्य कोठे आहे, असे तुम्ही विचाराल. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी या काळ्या जमिनीत खेळू लागले, उसाचे फड उभे राहिले. आणि त्या दाट, पाण्याजवळच्या आश्रयात पुढे बिबट्याने आपले बिऱ्हाड मांडले. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, भरवस्तीच्या शेतमुलखातही दर 100 चौरस किलोमीटरांत सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात गावातील कुत्र्यांचा वाटा मोठा होता.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वनाधिकाऱ्यांस झडतीचा, जप्तीचा आणि अटकेचा अधिकार दिला आहे. बिबट्याची शिकार करणारास किमान 3 वर्षांची कैद आहे. परंतु गस्त आणि पंचनामा हा या नोकरीचा अर्धाच भाग. ऊसतोड चालू असता पाचटात बिबट्याची इवलीशी पिल्ले सापडली की वनरक्षक आधी कोयते थांबवितो, पिल्ले पशुवैद्यकाकडून तपासून घेतो आणि दिवस मावळताना ज्या सरीत ती सापडली तेथेच, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, ठेवून दूर जाऊन बसतो. पुष्कळदा रात्री मादी येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. तीच पिल्ले उचलून नेली असती, तर ती आई सैरभैर होऊन वस्तीभोवती हिंडली असती.

ज्या घरातील लेकरू बिबट्याने नेले, त्या घराचा आक्रोश न्याय्यच आहे. त्या आक्रोशासमोर उत्तरादाखल प्रथम उभा राहतो तोही हाच अल्पवेतनी अंमलदार, आणि त्याच्या या धैर्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या अरण्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीचे काम करीत असता एका वनरक्षक भगिनीने वाघिणीच्या हल्ल्यात प्राण गमावले, हेही या सभागृहात सांगितले पाहिजे.

जनावरापेक्षा जमाव आवरणे कठीण, असे या खात्यातील माणसे सांगतात, आणि मला ते पटते; कारण चहूबाजूंनी कोंडलेला बिबट्या भीतीपोटीच अंगावर येतो. म्हणून मुलांनो, फडात बिबट्या दिसला तर मोबाईल घेऊन धावू नका. वनखात्याचा 1926 हा क्रमांक फिरवा, लहान भावंडांना घरात घ्या, आणि वनरक्षक येईल तेव्हा त्याला वाट मोकळी करून द्या.