वेडाचा दाखला

(समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘तिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य आपण केंद्रात किती वेळा ऐकतो! नवरा म्हणतो, सासू म्हणते, कधी कधी माहेरचेही म्हणतात. तेच वाक्य डॉक्टरच्या दाखल्यावरून कोर्टात पोचले, की बाईचे घर, मुलांचा ताबा, सगळेच पणाला लागते. आणि सर्वांत आधी जाते ती तिच्या शब्दाची किंमत.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. पण नुसते आजाराचे नाव पुरत नाही. १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात, पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे असे नवऱ्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने आजाराच्या नावापेक्षा त्याची तीव्रता महत्त्वाची मानली आणि घटस्फोट नाकारला. २००३ च्या शारदा विरुद्ध धर्मपाल निकालाने मात्र सांगितले, की सबळ आधार असेल तर कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते, आणि बाईने नकार दिला तर त्याचा अर्थ तिच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. म्हणजे ‘जाऊच नकोस’ हा सल्ला धोक्याचा आहे. प्रश्न आहे तो तपासणी कशी होते हा.

वर्षानुवर्षे मार खाल्लेली बाई डॉक्टरसमोर कशी बसते? मान खाली. तारखा मागेपुढे होतात. सर्वांत भयंकर प्रसंग ती कोरड्या चेहऱ्याने सांगते. दार वाजले की दचकते. आघातानंतर स्मृती तुकड्यांनीच येते, मन बधिर होते. अहवालात मात्र लिहिले जाते: ‘विसंगत बोलते, सहकार्य करत नाही, संशयी आहे.’ जिला खरोखरच कोंडून ठेवले होते, तिच्या भीतीला संशय म्हणायचे की अनुभव? त्यातून माहिती आधी नवऱ्याकडून घेतलेली, आणि तो त्याच खोलीत बसलेला!

आता आपल्याविषयी थोडे कडू बोलते. बाईची बाजू मांडताना आपण पटकन म्हणतो, ‘ती अजिबात वेडी नाही हो!’ आणि ती खरोखर आजारी असेल तर? मग तिला मार बसला नाही? मग ती खोटे बोलते? आजारी बाईही खरे सांगू शकते. गोळ्यांनी हात थरथरतात, जीभ जड होते, म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. हा कलंक आपण आपल्या तोंडातूनच आधी काढला पाहिजे.

कायदा यात आपल्या बाजूने उभा करता येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ३ म्हणते: पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणी आज आजारी ठरत नाही, आणि आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कायद्याच्या दृष्टीने ‘वेडी’ ठरत नाही. समाजाच्या रीतीप्रमाणे वागत नाही, हाही आजाराचा पुरावा नव्हे. कलम १०५ प्रमाणे, कोर्टात आलेल्या अशा पुराव्याला दुसऱ्या बाजूने आव्हान दिले, तर कोर्टाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे छाननीसाठी पाठवायचा असतो.

म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी बाईला स्पष्ट सांगा: हा डॉक्टर तुझ्यावर उपचार करायला नाही, तू बोलशील ते कोर्टात जाईल. वकिलामार्फत मागणी करा, की तिच्याशी एकटीशी, तिच्या भाषेत बोलावे, मध्ये थांबू द्यावे, आणि ‘तुला काय झालंय’ याआधी ‘तुझ्यावर काय काय गुदरलं’ हे विचारावे. अहवालात डॉक्टरने स्वतः पाहिलेले आणि नवऱ्याने सांगितलेले वेगवेगळे लिहिलेले हवे. घर, मुले, नोकरी ती कशी सांभाळते, तेही त्यात आले पाहिजे.

आणि दाखला तिच्या बाजूने आला नाही, तरी आपल्या केंद्राचे दार तिला उघडेच असले पाहिजे.