फॉर्म जूनमध्ये, कागद अकरावीत



बारावीचा निकाल लागला की नांदूरघाटहून मला पुण्यात फोन येतात. "भाई, आता फॉर्म कसा भरायचा?" माझ्या घरातला पहिला इंजिनिअर मीच, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. पण फॉर्म तासाभरात भरून होतो. पोरं अडतात ती कागदांवर.

"आपल्याला कुठंय आरक्षण?" असंही बरेच जण म्हणतात. २०१४ चा पाच टक्क्यांचा अध्यादेश बारगळला, हे खरंच. तरी बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन हे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जे यादीत नाहीत, त्यांना उत्पन्नाच्या अटीत बसल्यास ईडब्ल्यूएस आहे. मुलींनी तर नीट ऐका: २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत गेली.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्याच्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागतात! दाखला असलाच तर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. मग चुलत आजोबांचे दाखले, कोतवाल बुकातल्या नोंदी, जुनी खरेदीखतं शोधा. बीड निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे जुने कागद उर्दूत सापडतात. ते वाचू शकणारे चाचा आपल्याच मोहल्ल्यात बसलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि भावकीत, म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, एकाची व्हॅलिडिटी झाली की पुढच्यांचं काम बरंच सोपं होतं. ते प्रमाणपत्र कपाटात दाबून ठेवू नका, चुलतभावांना झेरॉक्स द्या.

नावांचा घोळ वेगळाच. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख' आधी, आधारवर शेवटी, टीसीवर स्पेलिंग तिसरंच.

यात वेळ जातो, आणि आपल्याकडे अनेकांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यानंतर शपथपत्रावर सही कोण करणार? म्हणून अकरावीच्या वर्षीच, जून ते दसरा या काळात, वंशावळ आणि शपथपत्रं उरकायची. केजला तहसीलमध्ये आणि बीडला जात पडताळणी समितीकडे पोरांसोबत जाणारी चार माणसं गावात हवीत. व्याख्यानं पुष्कळ होतात, माझंही त्यातलंच एक.

लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे यांची 'एकलव्य' ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना मोठ्या विद्यापीठांच्या अर्जांसाठी मदत करते. पदवीनंतर पुढं जायचं असेल त्यांनी तिकडं जरूर संपर्क करा. दाखल्यांचं काम मात्र गावातच उभं करावं लागेल.

अकरावीतल्या मुलामुलींनी जेवणानंतर इथंच थांबा. टीसी आणि आधार काढून ठेवा, आधी नावं ताडून बघू.