दोन पत्रं आणि पगारातली एक कपात



१७ ऑक्टोबर १९३२ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं. त्यावर अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स, आर्थर पिगू आणि आणखी चौघांच्या सह्या होत्या. जग महामंदीत रुतलं होतं. पत्राचं म्हणणं असं : माणसं आणि यंत्रं रिकामी बसलेली असताना प्रत्येकानं हात आखडता घेतला, तर वाचवलेला पैसा नव्या कारखान्यात जात नाही, दुसऱ्या कुणाची तरी कमाई तेवढी बुडते. एखाद्या गावाला पोहण्याचा तलाव किंवा ग्रंथालय हवं असेल, तर ते न बांधण्यात देशाचं हित नाही.

दोनच दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे चौघे. त्यांत फ्रीडरिश हायेक आणि लायोनेल रॉबिन्स होते. पैसा दाबून ठेवल्यानं नुकसान होतं, हे त्यांनाही मान्य होतं. पण सरकारनं कर्ज काढून खर्च वाढवू नये, त्यापेक्षा व्यापारावरची बंधनं उठवावीत, असं ते म्हणाले. या चौघांतले टी. ई. ग्रेगरी पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थान सरकारचे आर्थिक सल्लागार झाले.

ही पत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. आजही मंदीची चाहूल लागली की विधिमंडळापासून पारापर्यंत वाद होतो तो हाच.

ही पत्रं छापली गेली तेव्हा अमेरिकेत हर्बर्ट हूवर राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना दगडाच्या काळजाचा ठरवणं अन्यायाचं आहे. लहानपणीच आईवडील गेलेला हा माणूस. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोहोचवण्याची यंत्रणा त्यांनीच उभी केली. तरीही केंद्र सरकारनं बेकारांच्या हातात थेट मदत ठेवायला त्यांचा विरोध होता. आधी शेजाऱ्यांनी, धर्मादाय संस्थांनी, गावानं, राज्यानं धावून जावं. वॉशिंग्टनपुढे हात पसरायची सवय लागली तर माणसाचा कणा जातो, असं ते मनापासून मानत. पण १९३३ उजाडेपर्यंत दर चार कामगारांत एक जण बेकार होता, हजारो बँका बुडाल्या होत्या. शेजारीच उपाशी, तर शेजारधर्म कोण पाळणार?

हूवर यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी बँकांतल्या ठेवींना विमा दिला. १९३५ पासून रस्ते, शाळा, पूल यांच्या सरकारी कामांवर काही वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना मजुरी मिळाली. ही कामं म्हणजे वशिलेबाजी, असा विरोधकांचा आरोप होता. तो सगळाच खोटा नव्हता. बेकारीही युद्धापर्यंत पुरती हटली नाही. मात्र १९३७ मध्ये संकट टळलं असं समजून खर्चाला कात्री लावली, पतपुरवठा आवळला, आणि वर्षभरात बेकारी पुन्हा चढली. १९६३ मध्ये मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी मंदीचा दोष मध्यवर्ती बँकेवर ठेवला : पैशाचा पुरवठा एक तृतीयांशानं आटत असताना ती बघत राहिली. म्हणजे फ्रीडमनसारखा खुल्या बाजाराचा एवढा मोठा कैवारीसुद्धा दोष देतो तो हात बांधून बसण्याला. माझा कौल स्पष्ट आहे. अशा वेळी सरकारनं उतरलंच पाहिजे, आणि वेळेआधी बाहेर पडता कामा नये.

हूवर यांची कण्याची काळजी मात्र मी झटकून टाकत नाही. तिचं उत्तर मला आपल्याच मातीत सापडतं. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसांनी भीक नाही, काम मागितलं. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, मुकादमाच्या मस्टरवर अंगठे उठवले. आपल्या घरातल्या आजीला विचारा, त्या कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव ती अजून सांगेल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि काम मागणं हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांना लवकरच पहिला पगार मिळेल. कपातींच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ असं लिहिलेलं दिसेल, बहुतेकांना महिन्याला २०० रुपये. महाराष्ट्रानं हा कर १९७५ मध्ये लावला, तो या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला.